गुंडाळलेली कंपनी, साठलेला नफा आणि कायद्याने विचारलेला चुकीचा प्रश्न

ब्रिटनमध्ये ५ एप्रिलला करवर्ष संपते, आणि त्याआधीच्या काही आठवड्यांत स्वतःच्या लिमिटेड कंपनीमार्फत काम करणाऱ्या कॉन्ट्रॅक्टर मंडळींत एक जुना वाद नव्याने पेटतो. कंपनीत साठलेला पैसा कंपनी बंद करून भांडवली नफा म्हणून काढून घेतला आणि पुढचे कंत्राट मिळाल्यावर दुसरी कंपनी काढली, तर त्यात गैर काय? लंडन, स्लाउ, रीडिंग या पट्ट्यात आयटी क्षेत्रात काम करणाऱ्या मराठी मंडळींनाही हा प्रश्न परका नाही. एक बाजू म्हणते, कायद्यात बसते ना, मग चर्चा संपली. दुसऱ्या बाजूला, ज्याने दुसरी कंपनी काढली तो करबुडवा, एवढे पुरेसे वाटते. माझ्या मते दोन्ही बाजू भलत्याच जागी भांडत आहेत. साठलेला नफा हा केलेल्या कामाचा मोबदला आहे. कंपनी बंद केल्याने तो भांडवल होत नाही आणि त्यावर प्राप्तिकराच्याच हिशेबाने कर लागायला हवा. मात्र तो वसूल करण्यासाठी ब्रिटिश कायदा २०१६ पासून माणसाचा हेतू तपासत बसला आहे, आणि हा मार्ग तितकाच चुकीचा आहे, कारण त्यात निर्ढावलेल्यापेक्षा सरळ माणूस जास्त भरडला जातो.

आधी एक घोळ दूर करायला हवा. कर्ज आणि थकीत कर मागे ठेवून कंपनी बुडवायची आणि त्याच जागी, जवळजवळ त्याच नावाने नवी उभी करायची, हा प्रकार वेगळा आहे. त्याला आवर घालण्यासाठी १९८६ च्या दिवाळखोरी कायद्यात कलम २१६ आहे: कर्जबाजारी होऊन लिक्विडेशनमध्ये, म्हणजे कायदेशीररीत्या गुंडाळण्याच्या प्रक्रियेत, गेलेल्या कंपनीच्या संचालकाला तेच किंवा तत्सम नाव पाच वर्षे वापरता येत नाही. येथे चर्चा आहे ती सर्व देणी फेडू शकणाऱ्या, बँकेत चांगली शिल्लक असणाऱ्या कंपनीची. अशा कंपनीचा संचालक पूर्ण हिशेब मांडून, सर्व देणी बारा महिन्यांच्या आत व्याजासह फेडली जातील असे शपथपत्र करतो, परवानाधारक लिक्विडेटर नेमला जातो आणि उरलेला पैसा भागधारकाला मिळतो. यात कोणाही धनकोचा एक पेनी बुडत नाही. दोन्ही प्रकारांना एकच नाव देऊन ओरडणारे लोक स्वतःचीच बाजू दुबळी करतात.

मग सारा मोह कशाचा? दरातील फरकाचा. २०१६ ते २०२२ या काळात वरच्या करपट्ट्यातील माणसाने कंपनीतून लाभांश घेतला, तर त्याला ३२.५ टक्के कर पडे. तोच पैसा कंपनी बंद करून घेतला आणि तेव्हाची ‘आंत्रप्रेन्युअर्स रिलीफ’ ही सवलत मिळाली, तर अवघे १० टक्के. पुढे या सवलतीचे नाव ‘बिझनेस अ‍ॅसेट डिस्पोजल रिलीफ’ झाले, सवलतीत बसणाऱ्या नफ्याची आयुष्यभराची मर्यादा मार्च २०२० मध्ये १ कोटी पौंडांवरून १० लाखांवर आली, आणि दर ६ एप्रिल २०२५ पासून १४ व ६ एप्रिल २०२६ पासून १८ टक्के ठरला. दुसरीकडे, वरच्या पट्ट्यातील लाभांशाचा दर एप्रिल २०२६ पासून ३५.७५ टक्के आहे. म्हणजे दरी अरुंद झाली, तरी ती अजून जवळजवळ अठरा टक्के बिंदूंची आहे. रक्कम २५,००० पौंडांपर्यंत असेल, तर लिक्विडेटर न नेमता कंपनी नोंदवहीतून काढून टाकली तरी भांडवली वागणूक मिळते. १ मार्च २०१२ पूर्वी कर गोळा करणाऱ्या महसूल खात्याच्या एका जुन्या सवलतीमुळे या मार्गाला रकमेची मर्यादाच नव्हती. ती कायद्यात आणताना मर्यादा घातली गेली, आणि तीही अशी की रक्कम एका पौंडाने जरी ओलांडली, तरी संपूर्ण रक्कम लाभांश ठरते.

कंपनीच्या बाजूने बोलणाऱ्यांचे मुद्दे हलके नाहीत. पहिला मुद्दा कायदेशीर अस्तित्वाचा. १८९७ च्या सॉलोमन खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने स्पष्ट केले की एकट्या माणसाच्या हातातील कंपनीही त्या माणसापासून वेगळी व्यक्ती असते. ती आज बंद करायची की दहा वर्षांनी, आणि बंद केल्यावर नवी काढायची की नाही, हे ठरवण्याचा मालकाला पूर्ण अधिकार आहे. दुसरा मुद्दा कॉन्ट्रॅक्टरच्या जगण्याचा. त्याला पगारी रजा नाही, आजारपणाची हमी नाही, एक कंत्राट संपल्यावर दुसरे कधी मिळेल याचा भरवसा नाही. कंपनीत गंगाजळी ठेवणे ही त्याची शहाणी सवय आहे, आणि दहा वर्षे सवयीने साठवलेल्या पैशाला लबाडीचे लेबल लावणे अन्यायाचे आहे. तिसरा मुद्दा दुहेरी कराचा: नफ्यावर आधी कंपनी कर भरलेला असतो, त्यानंतर उरलेल्यावर पुन्हा पूर्ण प्राप्तिकर कशासाठी?

यातील दुसरा मुद्दा मी पूर्ण मान्य करतो आणि त्याकडे पुढे वळणार आहे. पहिला खरा आहे, पण तो या प्रश्नाचे उत्तर देत नाही. कंपनी वेगळी व्यक्ती आहे, एवढ्यावरून त्या व्यक्तीने दिलेला पैसा कोणत्या स्वरूपाचा आहे हे कसे ठरणार? ड्यूक ऑफ वेस्टमिन्स्टरने आपल्या माळ्याला पगाराऐवजी कराराच्या दस्तऐवजाखाली रक्कम देऊन अधिभार वाचवला, आणि १९३५ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने कागदालाच प्रमाण मानून ड्यूकच्या बाजूने निकाल दिला. तो निकाल आजही लोक छातीठोकपणे सांगतात. मात्र ब्रिटिश न्यायालयांनी १९८१ च्या रॅमसे खटल्यापासून व्यवहाराकडे त्याच्या एकूण स्वरूपात पाहायला सुरुवात केली, हे सांगायचे विसरतात. आणि आपल्या विषयाला अगदी खेटून असलेला निकाल तर त्याहून जुना आहे. १९७५ च्या जॉइनर खटल्यात मालकाने कंपनी लिक्विडेशनमध्ये घालून तिचा व्यवसाय आपल्याच दुसऱ्या कंपनीकडे वळवला होता, आणि तेव्हाच्या करचुकवेगिरीविरोधी तरतुदी या व्यवहाराला लागू होतात, असे हाउस ऑफ लॉर्ड्सने ठरवले. म्हणजे ‘कंपनी गुंडाळून कंपनी’ ही कालची युक्ती नव्हे आणि तिच्याबद्दलचा संशयही कालचा नाही.

दुहेरी कराचा मुद्दा आकड्यांनी तपासू. कंपनीचा नफा वर्षाला ५०,००० पौंडांच्या आत असेल, तर कंपनी कर १९ टक्के. १०० पौंड नफ्यातले ८१ उरतात, त्यांवर ३५.७५ टक्के लाभांश कर गेला की हाती ५२ येतात, म्हणजे एकूण कर सुमारे ४८ टक्के. आता त्याच टेबलावर शेजारी बसलेला पगारदार घ्या. त्याला वरच्या पट्ट्यातील आणखी १०० पौंड पगार देण्यासाठी मालकाला १५ टक्के राष्ट्रीय विमा (पगारावरील सक्तीची सामाजिक सुरक्षा वर्गणी) धरून ११५ खर्चावे लागतात, आणि ४० टक्के प्राप्तिकर व २ टक्के विमा वजा जाता कर्मचाऱ्याला ५८ मिळतात. हा भार जवळपास ५० टक्के. कंपनी कर आणि लाभांश कर मिळून कॉन्ट्रॅक्टर पगारदाराच्या थोडा खालीच राहतो. मात्र कंपनी बंद करून १८ टक्क्यांनी तीच रक्कम घेतली, तर एकूण भार ३४ टक्क्यांच्या आत येतो. कर दोनदा पडतो हे खरे. पण दोनदा पडून तो शेजाऱ्यापेक्षा सोळा टक्के बिंदूंनी कमी भरत असेल, तर ‘दुहेरी’ या तक्रारीत किती जोर उरतो? भांडवली नफ्याला सवलत देण्यामागे तर्क असा आहे की कोणी जोखीम पत्करली, काही उभारले आणि ते दुसऱ्याला विकले. एकाच माणसाच्या दिवसाच्या दराने जमलेल्या शिलकीत असे काय विकले गेले?

ही दरी कायद्याने ओळखली, पण तिच्यावर उपाय भलताच योजला. २०१६ च्या वित्त कायद्याने ६ एप्रिल २०१६ पासूनच्या वाटपांना नवी तरतूद लागू केली. तिच्या चार अटी आहेत. कंपनीत माणसाचा किमान ५ टक्के वाटा असला पाहिजे. कंपनी मोजक्या लोकांच्या हातातील असली पाहिजे. पैसे मिळाल्यापासून दोन वर्षांच्या आत त्याने तोच किंवा तत्सम व्यवसाय स्वतः, भागीदारीत, दुसऱ्या कंपनीतून किंवा नातलगाच्या उद्योगात सामील होऊन चालू ठेवलेला असला पाहिजे. आणि सर्व परिस्थिती पाहता, कंपनी बंद करण्याचा मुख्य हेतू, किंवा मुख्य हेतूंपैकी एक, प्राप्तिकर टाळणे हा होता असे मानणे वाजवी असले पाहिजे. चारही अटी जुळल्या की संपूर्ण वाटप लाभांश समजून कर लागतो. पहिल्या दोन अटी जवळजवळ प्रत्येक कॉन्ट्रॅक्टर पूर्ण करतो. तिसरी त्याच्या पोटापाण्याशी निगडित आहे, कारण वीस वर्षे डेटाबेस सांभाळणारा माणूस दोन वर्षांसाठी सुतारकाम करणार नाही. त्यामुळे सारा भार चौथ्या अटीवर, म्हणजे मनातील हेतूवर पडतो.

महसूल खात्याच्या मार्गदर्शिकेतील उदाहरणे या अडचणीवर चांगला प्रकाश टाकतात. एक बागकाम व्यावसायिक निवृत्त होतो, कंपनी बंद करतो आणि पुढे अधूनमधून थोडी कामे करतो: त्याला तरतूद लागू नाही. एक आयटी कॉन्ट्रॅक्टर प्रत्येक कंत्राटासाठी नवी कंपनी काढते आणि कंत्राट संपले की ती बंद करते: तिला लागू. स्वतःचा व्यवसाय सांभाळण्याची जोखीम नकोशी झालेली एक अकाउंटंट कंपनी बंद करून भावाच्या फर्ममध्ये नोकरी धरते: तिला लागू नाही. तिन्ही निष्कर्ष मला पटतात. पण ही टोकाची प्रकरणे आहेत. त्यांचा निवाडा मार्गदर्शिकेशिवायही कोणी केला असता. खरी माणसे मधल्या पट्ट्यात असतात.

मधल्या पट्ट्यातील एक प्रकरण जवळून पाहू. आयआर३५ हा नियम १९९९ मध्ये जाहीर होऊन एप्रिल २००० पासून लागू झाला. कंपनीचा पडदा बाजूला केल्यावर जो माणूस प्रत्यक्षात नोकरासारखाच काम करतो, त्याच्याकडून नोकराप्रमाणे कर घ्यावा, हा त्यामागचा विचार. सुरुवातीला तो ठरवण्याची जबाबदारी कॉन्ट्रॅक्टरची होती. सरकारी क्षेत्रात एप्रिल २०१७ पासून आणि खासगी क्षेत्रातील मध्यम व मोठ्या क्लायंटसाठी एप्रिल २०२१ पासून ती क्लायंटवर आली. धोका नको म्हणून अनेक मोठ्या संस्थांनी लिमिटेड कंपनीमार्फत माणसे घेणेच थांबवले. समजा, हाउन्सलोमध्ये राहणाऱ्या एका टेस्टरला २०२१ च्या त्या वसंतात सांगितले गेले की अम्ब्रेला कंपनीतून, म्हणजे कॉन्ट्रॅक्टरांना आपले नोकर म्हणून घेऊन कर कापून पगार देणाऱ्या मध्यस्थ कंपनीतून, ये, नाही तर काम थांबव. तो अम्ब्रेलात गेला. त्याच्या कंपनीत ८०,००० पौंड पडून होते आणि कंपनीला काही काम उरले नव्हते. पडीक कंपनीचेही वार्षिक हिशेब आणि कंपनीज हाउस या कंपनी नोंदणी कार्यालयाची विवरणे भरावीच लागतात, अकाउंटंटची फीही द्यावी लागते. त्याने लिक्विडेटर नेमून ती बंद केली. दीड वर्षाने एका छोट्या क्लायंटने, जिथे आयआर३५ ठरवण्याची जबाबदारी अजूनही कॉन्ट्रॅक्टरचीच आहे, त्याला तेच काम देऊ केले. आता त्याने काय करावे? कंपनी बंद करण्याचे कारण त्याने निर्माण केले नव्हते. पण नवी कंपनी काढताच तिसरी अट पूर्ण होते, आणि त्या वेळी १० टक्के दराचा विचारही त्याच्या मनात होताच, हे तो प्रामाणिकपणे नाकारू शकत नाही. ‘मुख्य हेतूंपैकी एक’ या शब्दांची पकड किती दूरवर पोहोचते, हे त्याला कोण सांगणार?

सांगणारा कोणीच नाही, आणि हीच या तरतुदीतली सर्वांत मोठी उणीव आहे. हा कर स्वतःच ठरवून विवरणपत्रात भरायचा असतो. खात्याकडून आगाऊ निर्वाळा मिळण्याची कायदेशीर सोय नाही. विवरणपत्राची चौकशी साधारण बारा महिन्यांत सुरू व्हायला हवी, पण नवी माहिती हाती आली तर चार वर्षे, निष्काळजीपणा दिसला तर सहा वर्षे, आणि जाणूनबुजून केल्याचे ठरले तर वीस वर्षांपर्यंत मागे जाऊन कर आकारता येतो. निर्ढावलेला माणूस या अनिश्चिततेचा हिशेब करून पुढे जातो, कागदावर कारणांची व्यवस्थित मांडणी करून ठेवतो आणि पकडला जाण्याची शक्यता मोजतो. भित्रा आणि सरळ माणूस चालून आलेले काम नाकारतो, किंवा भरायची गरज नसलेला कर भरून टाकतो. जो नियम हेतूचा शोध घेण्यासाठी केला, तो हेतू लपवण्यात तरबेज असलेल्यालाच सोपा जावा, यापेक्षा मोठा दोष कोणता?

याला दुसरा मार्ग आहे आणि तो भारतीय वाचकाला ठाऊक असण्याची शक्यता जास्त. भारताच्या प्राप्तिकर कायद्यानुसार (१९६१ च्या कायद्यात हे कलम २(२२)(सी) होते) कंपनी बंद होताना भागधारकाला मिळालेली रक्कम, कंपनीच्या साठलेल्या नफ्याच्या मर्यादेपर्यंत, लाभांशच मानली जाते. त्यापलीकडची रक्कम भांडवली नफ्याच्या हिशेबात जाते. या नियमात कोणीही मालकाला विचारत नाही की तू कंपनी का बंद केलीस, पुढे काय करणार आहेस, भावाच्या कंपनीत जाशील का. प्रश्न एकच: हा पैसा आला कुठून? नफ्यातून आला असेल, तर तो नफाच. भारतीय करव्यवस्थेत हेतू शोधणाऱ्या तरतुदी पुष्कळ आहेत आणि मी तिचा सरसकट आदर्श म्हणून दाखला देत नाही. पण या एका बाबतीत तिचे उत्तर ब्रिटनपेक्षा स्वच्छ आहे. दुसरी कंपनी काढण्याला मग कोणतीही शिक्षा उरत नाही, कारण कंपनी बंद करण्याला कोणतेही बक्षीस नसते.

ब्रिटनच्या स्वतःच्या इतिहासातही याची साक्ष आहे. १९८८ मध्ये हुजूर पक्षाचे अर्थमंत्री नायजेल लॉसन यांनी भांडवली नफ्याचा दर प्राप्तिकराच्या दरांशी जोडला, आणि भाववाढीमुळे दिसणारा खोटा नफा वगळण्याची सोय कायम ठेवली. नफा कोणत्या नावाने काढला याला त्या काळात फारसे महत्त्व उरले नाही. पुढे १९९८ पासूनच्या टेपर रिलीफने (मालमत्ता जितकी जास्त काळ ठेवली तितका कर कमी, अशा सवलतीने) आणि २००८ पासूनच्या आंत्रप्रेन्युअर्स रिलीफने पुन्हा दरी उघडली, आणि २०१६ ची तरतूद ही त्या दरीवर बसवलेला पहारा आहे. आधी दरी खणायची आणि मग तिच्या काठाशी येणाऱ्या प्रत्येकाच्या मनात डोकवायचे, हे धोरण उलटे आहे.

यावर सर्वांत सबळ आक्षेप असा की खऱ्या अर्थाने निवृत्त होणाऱ्याचे काय? वीस वर्षांची शिल्लक एका वर्षात लाभांश म्हणून मोजली, तर तो थेट ३९.३५ टक्क्यांच्या पट्ट्यात जाईल आणि तो अन्याय होईल. हा आक्षेप खरा आहे, पण त्याचे उत्तर सवलतीच्या दरात शोधायची गरज नाही. शेतकऱ्यांना आणि लेखक-कलावंतांना, उत्पन्न कमीजास्त होते म्हणून, ते काही वर्षांवर सरासरीने पसरवण्याची मुभा ब्रिटिश कायद्यात आधीपासून आहे. कॉन्ट्रॅक्टरचे उत्पन्न त्यांच्यापेक्षा कमी चढउताराचे आहे का? कंपनी बंद करताना मिळालेला नफा मागच्या चार-पाच वर्षांवर वाटून मोजण्याची मुभा द्या, म्हणजे दुष्काळी महिन्यांसाठी शिल्लक ठेवणाऱ्याचे रास्त गाऱ्हाणे संपेल. विकलेल्या व्यवसायाची, ग्राहकांच्या यादीची किंवा सॉफ्टवेअरची किंमत भांडवलच राहील.

ज्यांना आज निर्णय घ्यायचा आहे त्यांनी एक हिशेब अवश्य मांडावा, कारण वादाच्या भरात तो कोणी मांडताना दिसत नाही. खालच्या पट्ट्यात लाभांशाचा दर एप्रिल २०२६ पासून १०.७५ टक्के आहे आणि कंपनी बंद केल्यावरचा सवलतीचा दर १८ टक्के. ज्याचे दुसरे उत्पन्न नाही, त्याने वर्षाला ५०,२७० पौंड लाभांश घेतला तर पहिले १२,५७० करमुक्त, पुढचे ५०० लाभांश सवलतीत आणि उरलेल्या ३७,२०० वर सुमारे ४,००० पौंड कर. तीन वर्षांत दीड लाख पौंड काढायला सुमारे १२,००० पौंड कर पडेल. तोच दीड लाख एका फटक्यात बंद कंपनीतून घेतला, तर ३,००० पौंडांची वार्षिक सूट वजा करूनही २६,४६० पौंड कर, शिवाय लिक्विडेटरची फी. नोकरीत असलेल्याला हे गणित लागू पडत नाही, कारण त्याचा लाभांश वरच्या पट्ट्यात जातो. पण मायदेशी परतण्याआधी किंवा निवृत्तीच्या उंबरठ्यावर केवळ ‘सगळे असेच करतात’ म्हणून कंपनी गुंडाळणाऱ्यांनी घाई कशाची, हे स्वतःला विचारावे. व्यवसाय थांबल्यापासून तीन वर्षांच्या आत वाटप झाले तरी ती सवलत, इतर अटी पूर्ण असल्यास, मिळू शकते.

कायदा बदलेपर्यंत एक गोष्ट तरी लगेच करता येण्यासारखी आहे. शेअरव्यवहारांतून प्राप्तिकर टाळण्याविरुद्धच्या शेजारच्या तरतुदीत, २००७ च्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम ७०१ खाली, करदात्याला सर्व तपशील मांडून आगाऊ निर्वाळा मागता येतो आणि खात्याला तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. तिथेही हेतूच तपासला जातो, आणि तरीही खाते तीस दिवसांत निर्णय देते. मग कंपनी बंद करणाऱ्या टेस्टरला तेच उत्तर नाकारण्याचे कारण काय? कॉन्ट्रॅक्टरांच्या संघटनांनी ‘आम्ही कायद्यात बसतो’ या एकाच वाक्याचा जप थांबवून ही मागणी खासदारांपुढे ठेवली, आणि तिच्या जोडीला साठलेल्या नफ्यावर प्राप्तिकर भरण्याची तयारी दाखवली, तर पगारदार करदात्यालाही त्यांच्या बाजूने उभे राहता येईल.